सोळा आण्यांची जमीन

बारामती म्हणताच मराठी रसिकास मोरोपंतांच्या आर्या आठवतात. परंतु बाबूजी नाइकांच्या आश्रयाने पंतांनी ज्या कऱ्हेकाठी आयुष्य वेचले, तेथून पूर्वेस नीरा-भीमेच्या संगमापर्यंत, म्हणजे थेट नरसिंगपुरापर्यंत, पसरलेल्या मुलखाचे चरित्र वाचावयाचे तर सरकारी दप्तर आणि सावकाराची चोपडी हीच उघडली पाहिजेत. सह्याद्रीच्या पाठीमागचा हा अवर्षणी टापू. नद्या तीन, पण शिवार आभाळाकडे डोळे लावून बसलेले.

कंपनी सरकारात प्रिंगलसाहेबाने बसविलेला सारा रयतेस पेलेना आणि जमिनी पडीक पडू लागल्या, तेव्हा १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी जमाबंदी केली, आणि तोच पुढे सबंध मुंबई इलाख्याचा कित्ता झाला. या पद्धतीत कारकुनाने शेतात खड्डा घेऊन मातीची खोली हाताने मापावी, पावणेदोन हात काळी लागली तर सोळा आणे लिहावे, आणि चुनखड, वाळू किंवा उतार असे वैगुण्य आढळले की प्रतवारी एकेक पायरी उतरवावी, असा दंडक होता. दर तीस वर्षे कायम राहिल्याने पडीक पुन्हा वहितीस आली.

मुदत सरली आणि १८६७ मध्ये सारा चढला. अमेरिकेतील यादवीमुळे तेजीस आलेला कापूस तोवर उतरला होता, आणि हप्त्याची तारीख सावकाराच्या ओट्यावाचून टळत नव्हती. १२ मे १८७५ रोजी, ऐन बाजारच्या दिवशी, सुप्यास दंगा उसळला. जमावाचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. दस्तऐवज हाती पडले की त्यांची होळी होई. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा या होळीच्या राखेतून निघाला.

पुढे भाटघरचे पाणी नीरा डाव्या कालव्याने या शिवारात आले. ऊस आला, गुळाची पेठ गजबजली, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. परंतु कालव्याखाली पाण्याचा निचरा न होऊन जी जमीन चोपण झाली, खाराने पांढरी पडली, तीत खोल काळीच पुष्कळ होती. ज्या खोलीस कारकुनाने सोळा आणे दिले होते, तीच पाणी येताच वैगुण्य ठरली. आणि त्या वैगुण्यास मोजणीच्या नकाशात खूण नव्हती.