कंपनीची सत्ता आणि शहराचे पाणी

कंपन्यांची सत्ता म्हटली की निवडणुकीच्या देणग्या आणि मंत्रालयातल्या ओळखी आठवतात. स्टीव्हन ल्यूक्स यांनी 1974 मध्ये सत्तेच्या तीन पातळ्या मांडल्या: उघड वादात आपले म्हणणे खरे करणे, विषय चर्चेलाच येऊ न देणे आणि लोकांच्या इच्छाच घडवणे. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) ‘समांतर जलवाहिनी’ प्रकल्पात मला दुसरी पातळी सर्वांत ठळक दिसते.

जायकवाडी धरणाचे पाणी आणणाऱ्या जुन्या वाहिन्या अपुऱ्या पडू लागल्यावर महापालिकेने 2011 मध्ये औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनीशी 20 वर्षांचा करार केला. नवी समांतर वाहिनी टाकणे, शहरातले वितरण आणि पाणीपट्टीची वसुली एकाच हाती गेली. सप्टेंबर 2014 पासून पुरवठाही कंपनीकडे आला. कोणत्या वसाहतीला किती पाणी, कोणत्या दराने, हा खरे तर सभागृहात दरवर्षी भांडून सोडवायचा प्रश्न. तो कलमांत बसला की त्या 20 वर्षांत निवडून येणाऱ्या प्रत्येक सभागृहाच्या हाती तक्रारीपलीकडे फार थोडे उरते. पाण्याचा दिवस चुकला, टाकी कोरडी राहिली, की बायाबापड्या हंडे घेऊन नगरसेवकाच्याच दारात जातात. व्हॉल्व्हची चावी मात्र त्याच्याकडे नसते.

जून 2016 मध्ये सर्वसाधारण सभेने करार रद्द करण्याचा ठराव घेतला. कंपनी गेली; नवी वाहिनी झालीच नव्हती. पण करारासोबत आलेली वार्षिक दरवाढ मागे राहिली. घरगुती नळाची वर्षाची पाणीपट्टी 4,050 रुपयांवर पोहोचली होती, ती 2022 मध्ये 2,025 वर आणावी लागली. कंपनीचा प्रभाव तिच्या मुक्कामापेक्षा जास्त टिकतो, हे मला या प्रकरणात सर्वांत गंभीर वाटते.

उद्योगांची गोष्ट थोडी वेगळी आहे. शहराला रोज पाणी मिळत नसतानाही एमआयडीसीची (औद्योगिक विकास महामंडळाची) योजना स्वतंत्र चालत आली. दुष्काळाच्या एप्रिल 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात 60 टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांच्या पाण्यात 25 टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितले. हे पाणी मिळवण्यासाठी कोणत्याही कारखान्याला रोज कोणावर दबाव आणावा लागत नव्हता. वाटप आधीच ठरलेले होते. ते बदलायला मात्र न्यायालयात याचिका करावी लागली.