लव्हर्स रॉक

लव्हर्स रॉक हा रेगे संगीताचा एक उपप्रकार असून तो १९७०च्या दशकाच्या मध्यास लंडनमध्ये उदयास आला. जमैकातील रॉकस्टेडी आणि अमेरिकेतील सोल या दोन संगीतप्रकारांचा त्यावर प्रभाव आहे. संथ लय, ठळक बेस आणि प्रेम व विरह यांविषयीची गीते ही त्याची प्रमुख वैशिष्ट्ये होत. रेगेचे मूळ जमैकात असले, तरी लव्हर्स रॉक ही ब्रिटनमध्ये जन्मलेल्या किंवा वाढलेल्या कॅरिबियन वंशाच्या पिढीची निर्मिती मानली जाते. त्या पिढीतील बहुतेक श्रोते आता साठीच्या पुढे आहेत. त्यांचे या संगीताविषयीचे स्मरणरंजन केवळ गाण्यांपुरते मर्यादित नसून, ही गाणी ज्या घरांमध्ये ऐकली व नाचली गेली त्या घरांशीही ते निगडित आहे.

सामाजिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये कामगारांची टंचाई निर्माण झाली. जून १९४८ मध्ये एम्पायर विंडरश हे जहाज कॅरिबियन बेटांवरील शेकडो प्रवाशांना घेऊन टिलबरी बंदरात पोहोचले. त्यानंतरच्या दोन दशकांत जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद इत्यादी बेटांवरून आलेली कुटुंबे लंडनच्या ब्रिक्स्टन, लुईशॅम, डाल्स्टन आदी भागांत स्थायिक झाली. घर, नोकरी आणि शिक्षण या तिन्ही क्षेत्रांत त्यांना वर्णभेदाचा सामना करावा लागला. शहरातील अनेक नाइटक्लबांमध्ये कृष्णवर्णीय तरुणांना प्रवेश नाकारला जाई. १८२४च्या भटकेपणाविरोधी कायद्यातील एका तरतुदीनुसार केवळ संशयावरून अटक करण्याचा अधिकार पोलिसांना होता. ‘सस’ या नावाने ओळखली जाणारी ही तरतूद १९८१ मध्ये रद्द होईपर्यंत कृष्णवर्णीय तरुणांविरुद्ध मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

ब्लूज पार्टी

अशा परिस्थितीत करमणुकीची सोय समाजाने स्वतःच्या घरांमध्ये केली. शनिवारी रात्री घराच्या दर्शनी खोलीतील सामान हलवले जाई, सतरंज्या गुंडाळल्या जात आणि तेथे साउंड सिस्टीम उभारली जाई. या मेळाव्यांना ‘ब्लूज पार्टी’ किंवा नुसते ‘ब्लूज’ म्हणत. प्रवेशासाठी अल्प शुल्क असे. मटणाचा रस्सा, भात आणि पेये विकली जात व नृत्य पहाटेपर्यंत चाले.

साउंड सिस्टीम म्हणजे तबकडीवादक यंत्र, ध्वनिवर्धक आणि मोठाले स्पीकर यांचा फिरता संच व तो चालवणारा चमू. ही पद्धत जमैकातून ब्रिटनमध्ये आली. लॉइड कॉक्सन यांची ‘सर कॉक्सन’ आणि जाह शाका यांची त्यांच्याच नावाची साउंड सिस्टीम विशेष प्रसिद्ध होती. कोणती तबकडी कधी लावायची हे ठरवणाऱ्या व्यक्तीस ‘सिलेक्टर’ म्हणतात. रास्ताफारी विचारांची आणि सामाजिक विद्रोहाची रूट्स रेगे गाणी वाजवून झाल्यावर सिलेक्टर संथ प्रेमगीतांकडे वळत असे. त्या वेळी जोडीने, एकमेकांच्या अगदी जवळ येऊन नाचण्याची प्रथा होती. याच प्रसंगासाठी लागणाऱ्या गाण्यांच्या मागणीतून लव्हर्स रॉक ही शैली आकारास आली.

उदय

लुईसा मार्क या शाळकरी गायिकेचे १९७५ साली प्रसिद्ध झालेले ‘कॉट यू इन अ लाय’ हे गाणे या शैलीची पहिली ध्वनिमुद्रिका समजले जाते. त्याची निर्मिती लॉइड कॉक्सन यांनी केली आणि साथसंगत मातुंबी या वाद्यवृंदाने केली. मातुंबीचे डेनिस बोव्हेल हे बार्बाडोसमध्ये जन्मलेले आणि लंडनमध्ये वाढलेले संगीतकार पुढे या शैलीचे प्रमुख शिल्पकार ठरले. १९७४ साली लंडनच्या क्रिकलवुड भागातील एका क्लबवर पोलिसांनी छापा घातला. तेथे साउंड सिस्टीम चालवणाऱ्या बोव्हेल यांना अटक झाली आणि अपिलात सुटका होईपर्यंत त्यांना काही महिने तुरुंगात काढावे लागले.

‘लव्हर्स रॉक’ हे नाव निर्माते डेनिस हॅरिस यांनी दक्षिण लंडनमध्ये सुरू केलेल्या त्याच नावाच्या ध्वनिमुद्रण कंपनीमुळे रूढ झाले. ब्राउन शुगर या तीन तरुणींच्या गटाची गाणी याच कंपनीने प्रकाशित केली. त्या गटातील कॅरन व्हीलर पुढे सोल टू सोल या गटाच्या गायिका म्हणून जगभर पोहोचल्या.

वैशिष्ट्ये

रूट्स रेगेत पुरुष गायकांचे वर्चस्व होते, तर लव्हर्स रॉकमध्ये किशोरवयीन मुली व तरुणींचा आवाज केंद्रस्थानी आला. बारा इंची तबकड्यांवर मूळ गाण्याला जोडूनच त्याची ‘डब’ आवृत्ती मुद्रित केली जाई. तीत गायन कमी करून बेस, ढोल व प्रतिध्वनी यांना वाव दिला जाई, त्यामुळे एकाच गाण्यावर दीर्घ काळ नाचता येई.

राजकीय आशय नसल्यामुळे काही समीक्षकांनी या संगीताला उथळ ठरवले. मात्र ज्या समाजातील तरुणांकडे सार्वजनिक जीवनात सतत संशयाने पाहिले जात होते, त्यांनी स्वतःच्या कोमल भावना गाण्यांतून मांडणे यालाही सामाजिक अर्थ होता, असे मत पुढे मांडले गेले.

लोकप्रियता

जेनेट के यांनी गायलेले आणि डेनिस बोव्हेल यांनी रचलेले ‘सिली गेम्स’ हे गाणे १९७९ साली ब्रिटनच्या विक्री क्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचले. त्यातील अत्युच्च स्वर श्रोत्यांच्या विशेष स्मरणात राहिला. १९८१ साली कॅरल थॉम्पसन यांचा ‘होपलेसली इन लव्ह’ हा गीतसंग्रह प्रसिद्ध झाला. तथापि बहुतेक गाणी मुख्य प्रवाहातील आकाशवाणी कार्यक्रमांत वाजत नसत. ती लहान कंपन्या काढत आणि वस्त्यांमधील छोटी दुकाने विकत. अशा दुकानांतील बरीचशी विक्री क्रमवारीसाठी मोजली जात नसल्याने या शैलीचा खरा प्रसार आकडेवारीत उमटला नाही.

न्यू क्रॉसची आग

१८ जानेवारी १९८१ रोजी पहाटे दक्षिण लंडनमधील न्यू क्रॉस रस्त्यावरील एका घरात वाढदिवसाच्या पार्टीत आग लागून १३ कृष्णवर्णीय तरुण-तरुणींचा मृत्यू झाला. तपास आणि शासनाची उदासीनता यांविरुद्ध २ मार्च रोजी हजारो लोकांनी लंडनमध्ये मोर्चा काढला. घरातील पार्टी हे सुरक्षित स्थान आहे, या विश्वासाला या घटनेने मोठा तडा गेला. त्या काळाच्या आठवणी सांगताना अनेक जण नृत्याच्या रात्रींबरोबरच या आगीचाही उल्लेख करतात.

स्मरणरंजन

लव्हर्स रॉकचा इतिहास दीर्घ काळ मुख्यतः श्रोत्यांच्या आठवणींत आणि त्यांनी जपलेल्या तबकड्यांत टिकून राहिला. २००५-०६ मध्ये मायकल मॅकमिलन यांनी लंडनच्या जेफ्री संग्रहालयात कॅरिबियन कुटुंबांच्या दर्शनी खोलीवर प्रदर्शन भरवले. मेनेलिक शाबाझ यांच्या ‘द स्टोरी ऑफ लव्हर्स रॉक’ (२०११) या माहितीपटात गायक, निर्माते व श्रोत्यांच्या आठवणी एकत्र आल्या.

२०२० साली स्टीव्ह मॅक्वीन यांच्या ‘स्मॉल ॲक्स’ या मालिकेतील ‘लव्हर्स रॉक’ हा चित्रपट बीबीसीवर प्रदर्शित झाला. १९८०च्या सुमारास एका घरात झालेल्या ब्लूज पार्टीची एक रात्र त्यात चित्रित केली आहे. ‘सिली गेम्स’ची तबकडी थांबल्यानंतरही नाचणारे वाद्यांविना ते गाणे गात राहतात, हा त्यातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग होय. स्वतः बोव्हेल यांनीही चित्रपटात छोटी भूमिका केली आहे. १९६९ मध्ये जन्मलेले मॅक्वीन त्या काळी लहान होते. घरातून गुपचूप ब्लूज पार्टीला जाणाऱ्या आपल्या नात्यातील एका महिलेची हकिगत ही त्यांची प्रेरणा होती. त्या रात्रींचा अनुभव नसलेल्या तरुण नटांनी ही गाणी गायल्यामुळे, एका पिढीचे स्मरणरंजन पुढील पिढीपर्यंत पोहोचल्याचे या चित्रपटातून दिसते.

हे स्मरण सरसकट गोड नाही. मुलींवरील घरची बंधने, पार्टीत त्यांना होणारा उपद्रव आणि दाराबाहेरील वर्णद्वेष यांचेही चित्रण मॅक्वीन यांच्या चित्रपटात आहे. आपल्याला त्या रात्रींची ओढ वाटते याचा अर्थ तो काळ परत यावा असे वाटते असा नव्हे, ही जाणीव या स्मरणरंजनात आढळते. त्या खोल्या प्रिय होत्या आणि इतरत्र दारे बंद असल्यामुळेच त्या आवश्यक झाल्या होत्या, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र नांदतात.