इमारतीतील रेडिओतरंग प्रसारण : मोजमाप आणि सिम्युलेशन

इमारतीच्या आत सिग्नल किती क्षीण होईल याचे संगणकाने वर्तवलेले आकडे आणि त्याच जागी उपकरणाने घेतलेल्या नोंदी यांची तुलना. वाय-फायचे राउटर किंवा मोबाइलचे अंतर्गत अँटेना कुठे बसवायचे, हे ठरवताना ती उपयोगी पडते.

मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की सिग्नल ६ डेसिबलने घटतो. त्याचे सूत्र हॅराल्ड फ्रिस यांनी १९४६ मध्ये मांडले. इमारतीत मात्र तरंग भिंतींतून आरपार जातात, छतावरून परावर्तित होतात, दाराच्या कडांशी वळतात आणि अशा अनेक वाटांनी येऊन ग्राहक-अँटेनापाशी एकमेकांत मिसळतात. २.४ गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे १२.५ सेंमी. असते. त्यामुळे अँटेना काही सेंटीमीटर सरकवला तरी नोंद कित्येक डेसिबलने बदलू शकते. एका बिंदूवरची एकच नोंद घेऊन सिम्युलेशन चूक किंवा बरोबर ठरवणे म्हणूनच निरर्थक आहे. आसपासच्या अनेक नोंदींची सरासरी घ्यावी लागते. मोबाइलच्या पडद्यावरील सिग्नलच्या रेघा या कामी चालत नाहीत.

सिम्युलेशन दोन प्रकारे होते. एकात अंतर, भिंती व मजले मोजून ठरावीक घट वजा करतात. दुसऱ्यात, म्हणजे रे ट्रेसिंगमध्ये, प्रत्येक किरणाचा माग काढतात. त्यासाठी अचूक नकाशा आणि काँक्रीट, वीट, काच यांचे विद्युत गुणधर्म लागतात.

पहिल्या प्रकारातील स्कॉट सीडेल व थिओडोर रॅपापोर्ट यांचा ९१४ मेगाहर्ट्‌झवरील अभ्यास (१९९२) आजही वाचण्याजोगा आहे. मोजलेल्या व वर्तवलेल्या ऱ्हासातील फरकाचे प्रमाण विचलन सर्व नोंदींसाठी ५.८ डेसिबल, तर काही भागांत ४ डेसिबलपर्यंत कमी आले. मध्ये एक मजला असताना सरासरी घट एका कार्यालयीन इमारतीत १२.९, तर दुसरीत १६.२ डेसिबल निघाली. शब्दांत दोन्हीकडे ‘एक मजला’च, पण पोहोचणाऱ्या शक्तीत दुपटीहून अधिक तफावत. काँक्रीटच्या दर भिंतीमागे घट फक्त २.४ डेसिबल आली. असा आकडा निव्वळ भिंतीचा गुणधर्म मानता येत नाही, कारण दारे-मार्गिकांतून वळसा घालून आलेला सिग्नलही त्यात धरला जातो.

तुलनेत सरासरी त्रुटी शून्याजवळ आली तरी तेवढ्यावर विसंबू नये: एका खोलीतला जास्तीचा अंदाज दुसरीतल्या कमी अंदाजाने झाकला जातो. शिवाय ज्या नोंदींवरून सिम्युलेशनच्या प्रतिमानाचे स्थिरांक काढले, त्याच नोंदींशी ते जुळले तर ती कसोटी नव्हे. कसोटी लागते ती दुसऱ्या इमारतीत.