यहुदी विवाहातील अंगठी

यहुदी धर्मशास्त्रात अंगठी अनिवार्य नाही. मिश्ना या यहुदी कायद्याच्या प्राचीन संग्रहात विवाहबंधनाच्या मार्गांपैकी एक म्हणून वधूला मोल देणे सांगितले आहे. हिल्लेल या धर्मपंडिताच्या परंपरेनुसार एक पेरुता, म्हणजे तांब्याचे अगदी हलके नाणे, एवढे मोलही पुरते. अंगठीची चाल तालमुद या मिश्नेवरील विवेचनग्रंथानंतरच्या काळात रूढ झाली. म्हणून अंगठीला प्रेमाच्या खुणेआधी मोलाची वस्तू मानणे योग्य. तिचे नियमही तेच सांगतात. ती वराच्या मालकीची हवी. ती साधी, बिनखड्याची असावी, कारण खड्याच्या किमतीबद्दल वधूचा गैरसमज झाला तर तिच्या संमतीलाच बाध येतो. दोन साक्षीदारांसमोर वर ती वधूच्या उजव्या हाताच्या तर्जनीत घालतो. तिथे ती सहज नजरेस पडते.

कोकणातील बेने इस्रायल या यहुदी समाजात लग्नापूर्वी मेंदी लागते, वधू मंगळसूत्रही घालते. तेव्हा इथे अंगठीचे स्थान मंगळसूत्राने घेतले, असा आक्षेप निघतो. तो टिकत नाही. मंगळसूत्र हे शेजारच्या हिंदू समाजाकडून आपलेसे केलेले सौभाग्यलेणे आहे. ते नसल्याने धर्मविधी अडत नाही. साक्षीदार नसतील तर मात्र अंगठी देऊनही विवाह होत नाही.