रूपचिंता आणि मैत्री (किशोरवयातील)

आपला रंग, उंची, बांधा, केस किंवा चेहरा चारचौघांत कमी पडतो, ही दहा ते एकोणीस या वयात जडणारी काळजी म्हणजे रूपचिंता. ती आरशापुढे जाणवते, पण बहुतेक वेळा सुरू होते ती सोबतच्या कुणाच्या तरी बोलण्यातून. जाहिरातीतला उजळ चेहरा मुलं रोज पाहतात आणि विसरतात. बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं ‘किती काळवंडलीस गं’ म्हटलं, तर ते मनात घर करतं.

लातूर आणि नांदेडमध्ये या काळजीला वेगळी धार येते, ती तिथल्या शिकवण्यांमुळे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांतून ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आला; पुढे नांदेडातही वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीचं मोठं केंद्र उभं राहिलं. दहावी झाली की हिंगोली, परभणी, बीड, धाराशिवकडची लेकरं पंधरा-सोळाव्या वर्षी इथं रूम करून राहतात. मेसचा डबा, अभ्यासिका, आठवड्याची चाचणी, पुन्हा रूम. घरी आजी, चुलत भावंडं, शेजारपाजारचे अशा पुष्कळ नजरा असतात. आई ‘किती वाळलास रे’ म्हणते आणि ताटात आणखी एक भाकरी वाढते. रूमवर तीन-चार समवयस्कांचीच नजर उरते. कोण बारीक, कोण जाड, कुणाचा चेहरा पुटकुळ्यांनी भरला, हे त्याच नजरेत ठरतं.

काड्या, ढोल्या, बुटक्या, चष्मिस अशी चिडवायची नावं मुलांत जवळिकीची खूण मानली जातात. चिडणारा ‘लगेच मनावर घेतो’ म्हणून आणखी चिडवला जातो, त्यामुळे हसून सोसणं भाग पडतं. लागलेला बोल मग जिवलग मित्रालाही कळत नाही, आणि या साऱ्यात जास्त अन्याय होतो तो इथंच.

माणूस स्वतःला आपल्यासारख्याच माणसांशी ताडून पाहतो, असं अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलं. पडद्यावरच्या नटीपेक्षा रूममधली मैत्रीण जास्त का बोचते, याचं उत्तर त्यात आहे. डेव्हिड एल्किंड यांनी १९६७ मध्ये ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही कल्पना दिली: या वयात सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटत राहतं. ऑस्ट्रेलियात सुसान पॅक्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये शाळकरी मुलींच्या ७९ कंपूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच कंपूतल्या मुलींची शरीराबद्दलची काळजी आणि जेवण तोडण्याची सवय एकमेकींशी जुळणारी निघाली. सारख्या स्वभावाच्या मुली मुळातच एकत्र येतात हेही खरं. तरी काळजी एकीकडून दुसरीकडे जाते, हे कुठल्याही वसतिगृहात दिसेल.

काळजीबरोबर उपायही हातोहात फिरतात. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब एकीला ‘आठ दिवसांत’ उजळ करते आणि मग ती सगळ्या रूमची होते. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये तीव्र स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा खुलतो. पुढे कातडी पातळ होते, लाली, पुटकुळ्या आणि लव वाढते, आणि ट्यूब थांबवली की सगळं उसळून येतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइड औषधांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. धोका चेहऱ्यापुरता नाही. अकोल्यातल्या एका विद्यार्थिनीसह तिच्या घरातल्या तिघींना गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचं २०२३ मध्ये उजेडात आलं. क्रीममध्ये पारा सापडला होता.

केसांचं खापर दोन्ही शहरांत बोअरच्या पाण्यावर फुटतं. जड पाण्यानं केस राठ होतात खरे, पण मुठीनं गळू लागले तर आधी दोन-तीन महिन्यांपूर्वीचा ताप, जागरणं, ताण आणि रक्त तपासावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता.

मुलांची काळजी सेंटिमीटरमध्ये मोजली जाते. पोलीस भरतीत शिपाईपदासाठी पुरुषांची किमान उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ जास्त. भरतीचं स्वप्न पाहणारे मित्र पहाटे मैदानावर एकमेकांची मापं घेतात, दांडीला लोंबकळतात. हाडांची टोकं जुळून आली की लोंबकळून उंची वाढत नाही. हे वेळेवर सांगणारा मित्र क्वचितच भेटतो.

रूपाची लाज एकटी येत नाही. जात, गरिबी आणि गाव तिच्यासोबत येतात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटातला जब्या आपल्या काळेपणानं आणि घरच्या डुकरं पकडायच्या कामानं शरमिंदा असतो. त्याला आवडणाऱ्या शालूचं मन वळवण्यासाठी तो काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो. त्याचा दोस्त पिऱ्या मात्र त्याच्या रंगाचा हिशेब ठेवत नाही, नुसता बरोबर हिंडतो.

असा पिऱ्या प्रत्येकाला मिळायला हवा, आणि सरकारी योजनेनंही तो ओळखला आहे. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात त्याच वयाच्या मुलामुलींना समवयस्क शिक्षक म्हणून तयार केलं जातं. महाराष्ट्रात या वयासाठीच्या सरकारी सल्ला केंद्रांचं नावच ‘मैत्री’ आहे. पाळी, पुटकुळ्या, वजन, रक्तक्षय, मनावरचा ताण यांबद्दल तिथं मोफत आणि खासगीत बोलता येतं. आरशापुढून हलवत नाही, जेवण सुटतं, वर्गात जावंसं वाटत नाही, इथवर काळजी गेली तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन करताना शेजारी रूममधला मित्र बसला तरी चालतं.