जुन्या मोटारीचे पांघरूण

छताखाली ठेवलेल्या वाहनावर कापड घालण्याची रीत मोटारीपेक्षा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या बग्ग्या गाडीखान्यात उभ्या असत आणि त्यांच्यावर सुती किंवा लिननची चादर पसरलेली असे. गाडीखाना तबेल्यापासून वेगळा असावा, असे बग्गी बांधणारे कारागीर बजावत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया व्हार्निशची चमक घालवतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. रंग आणि व्हार्निशचे अनेक हात ब्रशने द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, घासायचा, मग पुढचा. एका बग्गीचे रंगकाम आठवडेच्या आठवडे चाले. अशा पृष्ठभागावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली तरी ओरखडे उठतात. चादर होती ती धुळीसाठी. पावसाशी तिचा काही संबंध नव्हता.

१८८६ साली कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. पुढे मोटारी बांधणारे पुष्कळ कारागीर बग्गीच्याच धंद्यातले होते, त्यामुळे व्हार्निश आले, चामड्याच्या बैठका आल्या, पितळी दिवे आले आणि चादरही आली. रंगकाम बदलले ते १९२० नंतर. ड्यूपॉन्ट कंपनीच्या ‘ड्युको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरने १९२४ च्या ओकलंड मोटारी रंगवल्या गेल्या आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. मोटारी रंगीबेरंगी झाल्या. मात्र हे लॅकर वाळल्यावरही काही रसायनांत विरघळते, आणि पुढच्या चुकीची मुळे इथेच आहेत.

ती चूक जलरोधक कापडाची. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी रबर लावलेल्या कापडाचे पेटंट १८२३ मध्येच घेतले होते. डांबर किंवा तेल लावलेली ताडपत्री त्याहून जुनी. १९२६ मध्ये वॉल्डो सेमन यांनी पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती शोधली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकची स्वस्त कव्हरे घरोघर पोचली. उघड्यावर उभ्या मोटारीला त्यांचा उपयोग होता. मालकांनी तीच गॅरेजातही वापरली, कारण पाणी अडवणारे कापड जास्त राखण करील असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात फरशीतून येणारी ओल कव्हराखाली कोंडते. थंड रात्रीनंतर हवा उबदार झाली की पत्रा मागे थंडच राहतो आणि त्यावर दव धरते. ते सुकायला वाट नसते. शिवाय पीव्हीसी मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू लॅकरमध्ये उतरते, रंग चिकट होतो आणि कव्हराचे ठसे त्यावर कायमचे उमटतात.

गाडीखान्यातल्या जुन्या चादरीची बाजू तोवर एका प्रयोगाने भक्कम केली होती. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी १९२० च्या दशकात लोखंडाचे तुकडे खोलीतल्या हवेत ठेवले. काही उघडे, काही मलमलीच्या पिंजऱ्यात. उघडे गंजले, मलमलीआडचे जवळजवळ स्वच्छ राहिले. मलमल ना हवा अडवते ना बाष्प. तिने अडवली ती फक्त धूळ. धुळीचे कण ओल आणि आम्ल धरून ठेवतात व गंज त्यांच्यापासून सुरू होतो. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो, हेही व्हर्नन यांच्याच कामातून स्पष्ट झाले. बंद जागेतल्या कव्हराबद्दल यापेक्षा उपयोगी संशोधन शोधून सापडणार नाही, आणि ते मोटारीसाठी झालेच नव्हते.

नंतरच्या दशकांत पॉलिस्टर आणि न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची, हवा खेळू देणारी कव्हरे आली. पॉलिप्रॉपिलीनचे थर मुख्यतः उघड्यावरच्या वापरासाठी असतात आणि जुन्या लॅकरला ते जरा खरखरीत वाटतात. ताणले जाणारे तलम कापड गाडीच्या अंगाला नेटके बसते, पण धक्का सोसत नाही. छताखाली फलालीन अजून सरस ठरते: आत मऊ लव, हवा खेळती, किरकोळ धक्क्यापुरती जाडी. तिचे दोष दोन. ती ओल शोषून ठेवते, आणि नवी असताना तंतू सोडते, म्हणून पहिल्यांदा धुऊनच घालावी. पांढऱ्या गाडीवर गडद, कच्च्या रंगाचे कापड नको. कव्हर गाडीच्या मापाचे हवे. सैल कापड वाऱ्याने किंवा येता-जाता हलते आणि पत्र्यावर घासत राहते. धुळकट किंवा गरम गाडीवर कुठलेच कव्हर घालू नये, कारण धुळीवर पसरलेले मऊ कापडही पॉलिश पेपरचेच काम करते.

भारतात हा प्रश्न आता अधिक गाड्यांना लागू होतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे तिचे आयुष्य बहुतांशी गॅरेजात जाते. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. व्हर्नन यांची मर्यादा तिथे कधीच ओलांडलेली असते आणि सुती कव्हरालाच बुरशी धरते. अशा ठिकाणी आधी खोलीतली ओल कमी करणारे यंत्र घ्यावे, आणि कव्हराचा खर्च त्यानंतर करावा.