रस्त्यावरचा भोवरा, परातीतला भोवरा

आम्ही सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यातून बोलतोय. मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक चालू होती. हजेरी झाली होती, हप्ते गोळा होत होते, आणि मोरीपाशी पोरांनी परातीत असा काही खणखणाट चालवला होता की खजिनदार ताईंची बेरीज तीनदा चुकली. शेवटी त्या तावातावाने उठल्या, परात काढून घ्यायला गेल्या आणि तिथेच बसल्या. परातीत दोन भोवरे एकमेकांना धडका देत गरगरत होते. पाच मिनिटांत आम्ही सगळ्याच परातीभोवती. शिलाई मशीनच्या कर्जाचा अर्ज राहिला बाजूला.

या भोवऱ्यांना बेब्लेड म्हणतात. तुमच्याही गावात आले असतील. आमच्या गटातल्या ज्या आता तिशीत आहेत, त्यांनी लहानपणी हाच खेळ याच चाळीत खेळलाय, त्यामुळे बोलणं थांबेना. म्हणून ठरवलं की या वेळी रेडिओवर याचाच इतिहास सांगायचा. एक काकू म्हणाल्या, खेळण्याचा कसला आलाय इतिहास? पण हडप्पा संस्कृतीच्या उत्खननात भाजलेल्या मातीचे भोवरे निघालेत, चार हजार वर्षांहून जुने. राजांची नावं आपल्याला माहीत नाहीत, तिथली लिपी अजून कुणाला वाचता आली नाही, पण पोरं काय खेळत होती ते माहीत आहे.

आधी आपला लाकडी भोवरा. आमच्या चाळीतली निम्मी घरं कोकणातली. मे महिन्यात गावी गेलेले मुलगे परत येताना भोवरा घेऊन यायचे. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. लाकूड लेथवर फिरत असतानाच त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घासण्याने लाकूड तापतं, लाख वितळते आणि रंग लाकडावर बसतो. ते लाल-पिवळे पट्टे आमच्या अजून डोळ्यांसमोर आहेत.

या भोवऱ्याचे भाग तीनच. लाकडी अंग, खाली ठोकलेली लोखंडी आर आणि गुंडाळायची दोरी, जिला आमच्याकडे जाळी म्हणतात. बाकी सगळं हातात. जाळी किती घट्ट गुंडाळली, बोटात टोक कसं धरलं, फेकताना मनगट कधी मागे ओढलं, यावर भोवरा फिरणार की मेल्यासारखा आडवा पडणार ते ठरायचं. चांगला खेळणारा तो जमिनीला लागू न देता थेट तळहातावर घ्यायचा. त्याला हातजाळी म्हणत. आणि खरा खेळ होता रिंगणाचा. रस्त्यावर खडूने गोल काढायचा, हरलेल्याचा भोवरा मधे ठेवायचा आणि बाकीच्यांनी वरून नेम धरून त्याच्यावर आर मारायची. भोवऱ्याच्या अंगावर टोचे पडायचे, कधी तो दोन फाकेही व्हायचा. म्हणून मुलगे जड लाकडाचा भोवरा शोधायचे, आर दगडावर घासून टोकदार करायचे. म्हणजे भोवरा आपल्या मनासारखा करून घेण्याची हौस काही कंपन्यांनी शोधून काढलेली नाही.

यात आम्ही मुली कुठे होतो? कठड्यावर, बघत. भोवरा रस्त्यावर खेळायचा, हात डोक्यावर नेऊन फेकायचा, तो कुणाला लागला तर भांडण. पोरीच्या जातीला हे शोभत नाही, असं आजीने म्हटलं की विषय संपला. आम्हाला सागरगोटे होते. सागरगोटे वाईट नाहीत, हाताला छान सवय लागते, पण उंबऱ्याच्या आत बसून खेळायचे.

आता थोडं जपानला जाऊ, कारण परातीतल्या भोवऱ्याचं माहेर तिथलं. जपानमध्ये बेगोमा नावाचा छोटा भोवरा जुन्या काळापासून खेळतात. ‘बाई’ नावाच्या समुद्री गोगलगाईच्या शंखात वाळू भरायची, वरून मेणाने तोंड बंद करायचं आणि दोरीने फिरवायचा. ‘कोमा’ म्हणजे भोवरा, म्हणून बाईगोमा, आणि बोलता बोलता बेगोमा. पुढे विसाव्या शतकात तो ओतीव लोखंडाचा झाला. टोकियोजवळच्या कावागुची या ओतकामाच्या गावात असे भोवरे तयार होत. बादली किंवा पिंपाच्या तोंडावर जाड कापड ताणून, मधे थोडा खळगा ठेवून, त्यावर दोघं आपापले भोवरे सोडायचे. ज्याचा बाहेर उडाला तो हरला आणि त्याचा भोवरा जिंकणाऱ्याचा. तिकडची मुलंही आपला भोवरा घासायची, कुणी बूड टोकदार करायचा, कुणी कडा. दुसऱ्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा चिनी मातीचे बेगोमा निघाले. युद्ध चालू असतानाही पोरांचा खेळ सुटला नाही.

1999 मध्ये जपानच्या ताकारा या खेळणी कंपनीने याच बेगोमाचा प्लास्टिक अवतार बाजारात आणला. बेगोमामधला ‘बे’ आणि इंग्रजी ‘ब्लेड’ जोडून नाव झालं बेब्लेड. त्याच वर्षी ताकाओ आओकी या चित्रकाराची यावरची चित्रकथा मुलांच्या मासिकात सुरू झाली, 2001 मध्ये जपानी टीव्हीवर मालिका आली. जपानबाहेर बऱ्याच देशांत तो अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने विकला.

नवं काय होतं? हा भोवरा अखंड नव्हता, तो खोलता येत होता. वर प्राण्याचं चित्र असलेली टिकली. तिच्याखाली धडक मारणारी प्लास्टिकची कडी. मग धातूची जड चकती. आत फिरकीचा गाभा, आणि सगळ्यात खाली बूड, ज्याच्या टोकावर तो फिरतो. एकाची कडी दुसऱ्याच्या बुडावर बसते. जाळीऐवजी दात्यांची प्लास्टिकची पट्टी. ती सोडणीत घालून जोरात ओढली की भोवरा सुटतो.

कोणता भाग काय करतो ते आम्ही बैठकीत स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी समजावून घेतलं. जातं आठवा. हात काढला तरी तळी थोडी फिरत राहते, कारण वजन कडेपर्यंत पसरलेलं असतं. बेब्लेडची चकती तेच काम करते. वजन कडेला असलं तर वेग द्यायला जोर लागतो, पण एकदा मिळालेला वेग लवकर जात नाही. बुडाचं टोक अणकुचीदार असेल तर भोवरा एका जागी उभा राहून खूप वेळ फिरतो. टोक सपाट असेल तर ते जमिनीला घासतं, त्या घासण्यामुळे भोवरा परातभर पळत सुटतो आणि जोरात धडकतो, पण दमतोही लवकर. रबराचं टोक लावलं तर विचारू नका, उधळलेल्या वासरासारखा. आणि टोक गोलसर, अंग जड, असा जो असतो तो मार खाऊनही मधली जागा सोडत नाही. मुलं यांना हल्ल्याचा, दमाचा आणि बचावाचा म्हणतात. साधारणपणे हल्ल्याचा दमाच्याला उडवतो, दमाचा बचावाच्यापेक्षा जास्त वेळ टिकतो, बचावाचा हल्ल्याच्याला दमवतो. कुणीच सगळ्यांवर भारी नाही. खेळ टिकला तो आमच्या मते यामुळेच.

एक गोष्ट मात्र आम्हाला मुलांनी शिकवली. दोन्ही भोवरे एकाच दिशेने फिरत असतील तर भिडतात त्या जागी त्यांच्या कडा एकमेकींच्या उलट धावतात, म्हणून धडक जोराची. एक उजवा आणि एक डावा असेल तर यंत्रातल्या दोन दातेरी चाकांसारख्या त्या कडा बरोबर चालतात, धडक हलकी होते, आणि वेगाने फिरणारा आपला वेग मंद पडलेल्याला देऊन बसतो. म्हणजे मरायला टेकलेला डावा भोवरा शत्रूच्या जोरावर जगतो. हे ऐकून खजिनदार ताई म्हणाल्या, अगदी आमच्या थोरल्या दिरासारखा.

आमच्याकडे हे वारं आलं 2005 च्या आसपास, कार्टून नेटवर्कवरच्या हिंदी मालिकेने. चाळीत ज्यांच्याकडे केबल होती त्या एका खोलीत वीस पोरं. टायसनचा ड्रगून, कायचा ड्रँझर. मुख्य चौकडी सगळी मुलग्यांचीच, पण मराया नावाची एक मुलगीही खेळायची आणि आम्हा पोरींना ती पुरेशी होती. दुकानातला अस्सल बेब्लेड आमच्या आयांच्या आवाक्याबाहेरचा. स्टेशनजवळच्या फूटपाथवर तीस-चाळीस रुपयांत नक्कल मिळायची, तीसुद्धा तीन-चार घरांत मिळून एक. खेळायचं खास भांडं कुणाकडे असणार? म्हणून परात. कडा चढत्या, तळ गुळगुळीत, भोवरे आपोआप मधे येतात.

आणि परात घरात असते. आम्हाला सांगायचंय ते हेच. रिंगण रस्त्यावरून स्वयंपाकघरात आलं, हात डोक्यावर न्यायची गरज उरली नाही, पट्टी ओढणं चार दिवसांत जमतं, आणि आजीला हरकत घ्यायला जागाच राहिली नाही. कुणी आमच्यासाठी दार उघडलं नव्हतं. ज्यांनी तो बनवला त्यांनी पोरींचा विचार केला होता असंही दिसत नाही. पण आम्ही शिरलो.

26 जुलै 2005 ला इथल्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्यामुळे सांताक्रूझचं नाव देशभर गेलं. आमच्या खोल्यांत छातीपर्यंत पाणी होतं. धान्य गेलं, वह्या गेल्या, रेशनकार्डं लगदा झाली. पाणी ओसरल्यावर वीज नाही, शाळा नाही, टीव्ही नाही. आया चिखल उपसत होत्या, आणि आम्हा लहानांना एका वरच्या मजल्यावरच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. एका मुलाच्या खिशात बेब्लेड राहिला होता. चकतीवर गंज चढलेला, त्यामुळे तो थरथरत फिरायचा. आमच्यातल्या एकीने तो खोलला, चकती राखेने घासली, पुसली, जोडली. मग मेणबत्तीच्या उजेडात, नंबर लावून, कोण किती वेळ फिरवतो ते मोजत बसलो. पहिल्यांदा एक मुलगी हे उघडून दुरुस्त करतेय म्हणून कुणी हसलं नाही. ती आज आमच्या गटातल्या बायांचे मिक्सर आणि शिलाई मशीन दुरुस्त करते.

आता जरा तक्रारही करू. लाकडी भोवऱ्यात गरिबाचं पोर श्रीमंताच्या पोराला हरवू शकत होतं, कारण जाळी सगळ्यांची सारखी. बेब्लेडमध्ये हाताची काही करामत सुट्या भागांत गेली, आणि सुटे भाग दुकानात. 2008 मध्ये धातूच्या चाकाचे आले, 2015 मध्ये धडक बसली की फुटून तीन तुकडे होणारे आले, 2023 मध्ये दातेरी रुळावरून भरधाव सुटणारे. ताकारा आणि टोमी या कंपन्या 2006 मध्ये एक झाल्या, त्यांचं हे दुकान व्यवस्थित चाललंय. दर वेळी जुना भोवरा नव्याला बसत नाही आणि पोरगं आईच्या पदराला. आमच्या गटातल्या एका मुलाने तर बचतीच्या डब्यातून पैसे घेतले होते. मारलं नाही त्याला. परातीपाशी बसवून विचारलं, कोणता भाग हवाय आणि कशासाठी? त्याला सांगता आलं नाही. फक्त मित्राकडे होता म्हणून हवा होता. मग त्याच्याच जुन्या तीन भोवऱ्यांचे भाग अदलाबदल करून किती वेगळे भोवरे होतात ते त्याला मोजायला लावलं. तीन कड्या, तीन चकत्या, तीन बुडं, म्हणजे सत्तावीस. त्या आठवड्यात त्याची नवी मागणी आली नाही. पुढच्या आठवड्यात आली, ते सांगितलं पाहिजे.

आणि स्वस्तातली नक्कल घेताना जपा. आमच्या एकीच्या मुलीने नुकताच एक घेतला, दुसऱ्याच दिवशी ओढताना सोडणी तुटली आणि पट्टीचे दाते बोटात घुसले. दुकानदार परत घेईना. खोक्यावर कसलंच चिन्ह नव्हतं. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, हे आम्हाला त्यानंतर कळलं. धातूचे भोवरे खेळताना पोरांनी परातीवर तोंड वाकवून बघू नये. उडालेला तुकडा थेट डोळ्याकडे येतो.

बैठकीतला तो अर्ज आम्ही दुसऱ्या दिवशी मंजूर केला. परात परत मिळाली तेव्हा तिला मधे पोचा आला होता.

तुमच्याकडे लाकडी भोवऱ्याच्या आरेला, जाळीला, रिंगणातल्या मारांना काय काय म्हणतात? गटाच्या पुढच्या बैठकीत म्हाताऱ्या बायांनाही विचारा, त्यांनी कठड्यावरून सगळं पाहिलंय. शब्द लिहून पाठवा, आम्ही इथे वाचून दाखवू. आणि तुमच्यापैकी कुणी लहानपणी लपूनछपून भोवरा फिरवला असेल, तर तेही कळवा.